सोललं, आणि वाट पाहिली

रॉटरडॅमच्या गेरिट मेलेस यांच्या गटाने 2009 साली एक चमत्कारिक निरीक्षण छापलं. दात्याच्या डोळ्यातून काढलेला अतिशय पातळ पडदा रुग्णाच्या कॉर्नियाला आतून चिकटवायचा, ही त्यांची शस्त्रक्रिया. काही डोळ्यांत हा पडदा चिकटलाच नाही. सुटला आणि आतल्या पाण्यात लोंबकळत राहिला. अशा डोळ्यातला कॉर्निया सुजलेलाच राहणार, गढूळच राहणार आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागणार, असं तोवरचं शास्त्र सांगत होतं. हे कॉर्निया मात्र काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपसूक नितळ झाले. शस्त्रक्रिया फसलेली आणि रुग्णाला दिसतंय, असा प्रकार.

शस्त्रक्रियेत फसलेली गोष्ट सहसा कुणी छापत नाही. यांनी छापली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

कॉर्नियाला पाठ्यपुस्तकात पारपटल म्हणतात, बोलताना आपण सरसकट बुबुळ म्हणून मोकळे होतो. घड्याळाच्या काचेसारखा डोळ्यावर बसलेला हा पारदर्शक भाग जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिनी नसते. प्राणवायू तो थेट हवेतून घेतो. त्याच्या मागच्या अंगाला, डोळ्यातल्या पाण्याला लागून, पेशींचा एकच थर असतो. तो एन्डोथेलियम. षटकोनी फरश्या जोडाव्यात तशा एकमेकींना खेटून बसलेल्या या पेशी रात्रंदिवस एकच काम करतात: कॉर्नियात झिरपणारं पाणी उपसून बाहेर टाकणं. गळक्या होडीत बसलेला माणूस डब्याने पाणी काढत राहतो, तसं. डबा थांबला की कॉर्निया फुगतो, आणि फुगला की दुधी काचेसारखा होतो.

या पेशींचा हिशेब कंजुषीचा आहे. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार, आणि दर वर्षी त्यातल्या साधारण 0.6 टक्के कमी होतात. गेलेल्या पेशीच्या जागी नवी जन्मत नाही. शेजारच्या पेशी अंग पसरून ती जागा भरतात, बस. हा आकडा 500च्या आसपास घसरला की उपसा कमी पडू लागतो. या पेशी एका चिवट पारदर्शक पडद्यावर बसलेल्या असतात. त्याचं वर्णन झाँ देसमे या फ्रेंच वैद्याने 1758 साली केलं. आपले डॉक्टर त्याला डेसिमेट म्हणतात. देसमेला ते ओळखू आलं असतं की नाही कोण जाणे.

हा उपसा कमी पडण्याचा रोग मांडला तो व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं नेत्रवैद्यकातलं हे फार मोठं नाव. त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर वाचलं जाई. 1910 साली त्यांनी 13 रुग्णांची हकिगत मांडली. वयस्कर माणसं, दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियावर मध्यभागी आलेलं धुकं. सकाळी उठल्यावर काही दिसत नाही, दुपार कलली की जरा बरं वाटतं. आज याचं कारण सोपं वाटतं. रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे कॉर्नियातलं पाणी उडून जात नाही. डोळे उघडले की हवा ते हळूहळू सुकवते. फुक्स यांनी रोगाचा दोष कॉर्नियाच्या पुढच्या कातडीला दिला आणि नावही तसंच ठेवलं. त्यात त्यांची चूक म्हणायची तर हत्यारांचीही म्हणायला हवी. डोळ्याचा उभा छेद प्रकाशात दाखवणारा गुलस्ट्रँड यांचा स्लिट लॅम्प 1911 साली आला. त्यानंतर स्विस डॉक्टर आल्फ्रेड फोग्ट यांना 1921 साली कॉर्नियाच्या मागच्या बाजूवर थेंबांसारखे उंचवटे दिसले. पुढे खास सूक्ष्मदर्शक आले तेव्हा ते दृश्य आणखी स्पष्ट झालं: तांबटाने ठोके मारून घडवलेलं भांडं असावं, तसा तो पृष्ठभाग. रोग मागे होता, पुढे फक्त त्याची सूज दिसत होती.

पण फुक्स यांच्या वर्णनातला एक शब्द नीट ध्यानात ठेवायला हवा: मध्यभागी. रोग मधून सुरू होतो. पुढची 100 वर्षं सगळ्यांनी त्या मधल्या धुक्याकडेच पाहिलं. कडेला काय शिल्लक आहे, हा प्रश्न क्वचितच कुणाला पडला.

उपाय मात्र फुक्स यांच्या लेखाआधीच, व्हिएन्नाच्याच साम्राज्यात, जन्मला होता. मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी 7 डिसेंबर 1905 रोजी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर कॉर्नियाचं रोपण केलं. अपघातात निकामी झाल्याने काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातला कॉर्निया त्यांनी वापरला. मजुराचा एक डोळा वाचला आणि तो पुन्हा कामावर गेला. पूर्ण जाडीचं कॉर्नियाचं कलम माणसात टिकल्याची ही पहिली नोंद. मग ओदेसात फिलातोव्ह यांनी मृतांच्या डोळ्यांतले कॉर्निया वापरून या कामाला मोठा पाया दिला, न्यूयॉर्कमध्ये 1944 साली पहिली नेत्रपेढी उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी मद्रासला भारतातली पहिली.

फुक्सच्या रोगालाही हेच औषध लागू झालं. खराब झालेला थर 5 मायक्रॉनचा, आणि त्यासाठी 500 मायक्रॉनचा अख्खा कॉर्निया गोल कापून काढायचा, दुसऱ्याचा बसवायचा, सोळा-सोळा टाके घालायचे. एका खोलीची फरशी उखडली म्हणून वाडा पाडून नवा बांधायचा, असला हा कारभार. टाक्यांमुळे कॉर्नियाचा आकार बिघडे, नजर स्थिरावायला वर्ष जाई, शरीराने परकं कलम नाकारण्याची भीती कायमची. तरी लोक आनंदाने करून घेत, कारण दुसरं काही नव्हतं.

मेलेस यांनी हे मोडलं. 1998मध्ये त्यांनी कॉर्नियाचा फक्त मागचा भाग बदलून दाखवला. 2004मध्ये रुग्णाचा डेसिमेट पडदा नुसता सोलून काढायची रीत सांगितली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाच्या पिशवीला गोल तोंड पाडतात, त्याच धर्तीची. 2006मध्ये दात्याकडून घ्यायचा भागही तेवढाच केला: पडदा आणि पेशी, जेमतेम 15 मायक्रॉन. हा पडदा इतका पातळ की बाहेर काढताच बिडीसारखी गुंडाळी होते. ती डोळ्यात सोडायची, आत उलगडायची, हवेचा बुडबुडा भरून वर दाबायची आणि रुग्णाला छताकडे तोंड करून उताणं झोपवायचं. जमलं तर आठवड्या-पंधरवड्यात लख्ख दिसतं. जमलं नाही तर पडदा सुटतो.

आणि पडदा सुटल्यावर जे दिसलं, तिथून ही गोष्ट मी सुरू केली.

कागदावर पाहिलं तर 500 मायक्रॉनवरून 100-150, तिथून 15, पुढची पायरी शून्याची असणार हे कोणीही म्हणेल. पण कोणी तसं म्हटलं नाही. शून्यापर्यंत लोक गणिताने पोचले नाहीत, घसरून पोचले. मोतीबिंदू काढताना चुकून पडद्याचा तुकडा निघाला आणि ती जागा नंतर नितळ झाली, अशा तुरळक हकिगती येत होत्या. 2012मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी, पडदा सोलला, बदली थर मिळाला नाही, तरी कॉर्निया आपोआप साफ झाला, अशी हकिगत प्रसिद्ध केली. प्रत्येक हकिगतीचा सूर साधारण एकच: असं व्हायला नको होतं, पण झालंय खरं.

त्याच वर्षी मेलेस यांच्या गटाने मुद्दाम एक धाडस केलं. जुना पडदा सोलला आणि दात्याचा पडदा न उलगडता, गुंडाळीच्या रूपातच, फक्त एका टोकाला टेकवून डोळ्यात सोडून दिला. 12 डोळे. त्यातले 7 फुक्सच्या रोगाचे, 5 बुलस केरॅटोपॅथीचे, म्हणजे मुख्यतः आधीच्या शस्त्रक्रियेच्या माराने पेशी संपलेले. फुक्सचे सातही साफ झाले. दुसऱ्या गटातला एकही नाही.

या निकालात एका रहस्याचा उलगडा दडला होता. गुंडाळी दोन्ही गटांत सारखीच होती. दात्याच्या पेशी तिच्यातून उतरून कॉर्नियावर पसरत असत्या, तर दोन्ही गट सारखेच बरे झाले असते. फरक होता तो रुग्णाच्या स्वतःच्या कडेत. फुक्सच्या रोग्याचा मधला भाग खराब, पण कडेच्या पेशी बऱ्यापैकी शाबूत. बुलस केरॅटोपॅथीत कडही रिकामी. म्हणजे काम दात्याच्या पेशींपेक्षा घरच्याच पेशी करत होत्या, निदान बराचसा भार त्यांच्यावर होता. मधला उंचवट्यांनी भरलेला खडबडीत पडदा त्यांची वाट अडवून बसला होता. तो निघाला आणि रस्ता मोकळा झाला.

इथे एक जुना गैरसमजही सांगायला हवा. या पेशींवरचं पुष्कळ संशोधन सशांवर झालं, आणि सशाच्या एन्डोथेलियमच्या पेशी बिनदिक्कत विभागतात. सशात जमलेलं माणसात जमेना, म्हणून माणसाच्या पेशी मुर्दाड ठरल्या. बॉस्टनच्या नॅन्सी जॉइस यांनी दाखवलं की त्या मेलेल्या नाहीत, विभागणीच्या उंबरठ्यावर थांबवून ठेवलेल्या आहेत. शिवाय चार मिलिमीटरची मोकळी जागा भरायला विभागावंच लागतं असंही नाही. सरकलं, पसरलं, तरी भागतं.

मग सगळ्यांनी एका उडीत कलम सोडून दिलं का? मुळीच नाही, आणि मला वाटतं त्यांनी घाई केली नाही हे बरंच केलं. इंडियानापोलिसच्या प्राइस यांच्या गटाने 2014 साली, पडदा काढून काहीच न लावलेल्या मोजक्या डोळ्यांचा दीर्घकाळचा हिशेब दिला, आणि तो उत्साह वाढवणारा नव्हता. उशीर, आणि कॉर्नियाच्या मागच्या भागातला बिघाड, दोन्ही त्यात होतं. कलम लावून पंधरा दिवसांत दिसत असताना हा उपद्व्याप कशाला, हा प्रश्न रास्त होता.

उत्तर निघालं ते आकारात. कलमासाठी पडदा साधारण 8 मिलिमीटर व्यासाचा सोलत. कलम न लावता तेवढंच सोललं तर कडेच्या पेशींनी किती मैदान भरायचं? व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ चौथाई होतं, हे शाळेतलं गणित. कॅथरिन कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4 मिलिमीटरचाच गोल सोलला, रोग मध्यभागी आटोपशीर असलेले रुग्ण निवडले, आणि थांबले. 2016 साली निघालेल्या त्यांच्या लेखात 13 डोळे होते. 4 डोळ्यांत महिन्याभरात, 4 डोळ्यांत तीन महिन्यांत, 2 डोळ्यांत सहा महिने किंवा त्याहून उशिरा मधल्या जागेत पुन्हा पेशींची नक्षी दिसू लागली. उरलेल्या 3 डोळ्यांना शेवटी कलम लावावंच लागलं.

या आकड्यांमागचे दिवस कसे गेले असतील, ते डॉक्टरांच्या लेखात येत नाही. पडदा सोलल्यावर दुसऱ्या दिवशी कॉर्निया आधीपेक्षा जास्त सुजतो. दिसत होतं तेही दिसेनासं होतं. शस्त्रक्रियेनंतर डोळा बिघडलाय, डॉक्टर म्हणतायत थांबा, घरचे म्हणतायत दुसरीकडे दाखवू. आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही की हा महिन्यात साफ होणाऱ्यांतला आहे की न होणाऱ्या तिघांतला. सर्जनला हातावर हात ठेवून बसायला लावणारी ही शस्त्रक्रिया आहे, आणि माझ्या मते तिची खरी अवघड बाजू तीच.

सिडनीत ग्रेगरी मोलोनी याच वाटेने निघाले होते. त्यांचा पहिला लेख 2015चा. त्यांनी हाताच्या कसबाकडे लक्ष वेधलं. पडदा हत्याराने खरवडून काढला तर खालच्या थराला ओरखडे पडतात आणि पेशी त्या खाचांशी अडतात. म्हणून एका टोकाला सुरुवात करून तो हलकेच, एकसंध सोलायचा. संत्र्याची साल आत नख न लागता निघावी, तसा. आणि ज्यांचे कॉर्निया साफ होईनात अशा रुग्णांच्या डोळ्यांत त्यांनी जपानहून आलेलं एक औषध घालून पाहिलं.

त्या औषधाची कुळकथा क्योटोची. शिगेरु किनोशिता, नोरिको कोइझुमी, नाओकी ओकुमुरा ही मंडळी एन्डोथेलियमच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या मागे होती. पेशी बशीत घातल्या की मरत, किंवा रूप पालटून भलत्याच होत. मूळपेशींवर काम करणाऱ्या जपानी संशोधकांना 2007मध्ये आढळलं होतं की रो-कायनेझ नावाचं विकर रोखणारं एक रसायन घातलं तर सुट्या झालेल्या पेशी तग धरतात. क्योटोच्या गटाने ते कॉर्नियाच्या पेशींवर वापरलं, आणि ससा सोडून मुद्दाम माकड घेतलं, ज्याच्या पेशी माणसासारख्याच अडून बसतात. पेशी जगल्या, वाढल्या, सरकू लागल्या. पुढे माणसात, मधला रोगट भाग बाहेरून गोठवून मारायचा आणि मग हे थेंब घालायचे, असाही प्रयोग त्यांनी केला. याच जातीचं रिपासुडिल हे औषध जपानमध्ये 2014 साली काचबिंदूसाठी मंजूर झालं. म्हणजे बाटली औषधाच्या दुकानात आली ती भलत्याच रोगासाठी, आणि सिडनीत ती साफ न होणाऱ्या कॉर्नियावर लागू पडली. अमेरिकेत मॅरियन मॅकसाय यांनी 2019मध्ये तुलना मांडली: थेंबांसह सरासरी 4.6 आठवड्यांत नजर सुधारली, थेंबांविना 6.5 आठवड्यांत. रुग्ण अवघे 18, पण दिशा तीच.

बुलस केरॅटोपॅथीचं काय? तिथे सोलून उपयोग नाही; सरकायला कडेला पेशीच नाहीत. आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न जास्त जवळचा, कारण भारतात कॉर्निया सुजून येणारे पुष्कळ रुग्ण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे असतात. त्यांच्यासाठी क्योटोने दुसरी वाट काढली. डिसेंबर 2013पासून 11 रुग्णांच्या डोळ्यांत, वाढवलेल्या 10 लाख पेशी रो-कायनेझ रोखणाऱ्या औषधासह सुईने सोडल्या. टाके नाहीत, गुंडाळी नाही. रुग्णाने मात्र तीन तास पालथं पडून राहायचं, म्हणजे पेशी आपल्या वजनाने खाली, कॉर्नियाच्या मागच्या बाजूवर, जाऊन बसतात. कलमाच्या रुग्णाने छताकडे पाहायचं आणि पेशींच्या रुग्णाने जमिनीकडे, एवढा सगळा फरक. 24 आठवड्यांनी अकराही डोळ्यांत पेशींची दाटी 500च्या वर होती, दहांत 1,000च्या वर. हे निकाल 2018 साली छापून आले आणि मार्च 2023मध्ये जपानने या उपचाराला परवानगी दिली.

दाता इथेही लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण एका दात्याच्या पेशी वाढवून अनेकांना पुरतात, आणि हा फरक साधा नाही. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार गरज असलेल्या 70 जणांमागे एकच कॉर्निया मिळतो. प्रतीक्षेत सव्वा कोटीहून अधिक माणसं. आपल्याकडे दर वर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा होतो, फॉर्म भरले जातात, आणि वेळ येते तेव्हा घरातल्यांना नेत्रपेढीला फोन करायचं सुचत नाही. इस्रायलमध्ये तर दाता मुळीच न लागणारा, 50 मायक्रॉन जाडीचा ॲक्रिलिकचा पडदा बनवला गेलाय. तो पाणी उपसत नाही, आत शिरू देत नाही एवढंच. होडीला बाहेरून चिकटपट्टी.

सोलून वाट पाहण्याची रीत या सगळ्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी लोकांना लागू पडणारी. मध्यभागीच रोग हवा, कड शाबूत हवी, आणि रुग्णाकडे महिनाभर तरी कमी दिसत काढायची तयारी हवी. बदल्यात त्याला परक्या पेशी नाकारल्या जाण्याची भीती नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं घालायचे स्टिरॉइडचे थेंब नाहीत, आणि फसलंच तर कलमाचा दरवाजा उघडा राहतो.

कोल्बी यांच्या त्या लेखात डोळे 13 होते, हे वर आलंच. रुग्ण 11 होते. एका डोळ्यावर न थांबता दुसराही सोलून घेणारे दोघं त्यांत होते.